आधी पेशंटला विचारा: महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र वैद्यक परिषद,
सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील लहानमोठ्या रुग्णालयांचे चालक

विषय: सज्ञान रुग्णापासून त्याच्याच गंभीर आजाराचे निदान लपवण्याच्या प्रथेबाबत

महोदय, महोदया,

राज्यात आज अशी पुष्कळ माणसे केमोथेरपी घेत आहेत, ज्यांना आपल्याला केमोथेरपी चालू आहे हेच माहीत नाही. कुणाला ‘रक्त कमी आहे म्हणून सलाईन’ असे सांगितलेले असते, कुणाला ‘गाठ विरघळायचं औषध’. रेडिएशनला ‘शेक’ म्हणायचे ठरलेले असते. फाईल मुलाच्या पिशवीत, बायोप्सीचा रिपोर्ट जावयाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, संमतिपत्रावर भावाची सही. घरच्यांना, शेजाऱ्यांना, वॉर्डातल्या मावशींना सगळे ठाऊक असते. ज्याच्या अंगात आजार आहे, तेवढा एकच माणूस अंधारात असतो.

हे पत्र लिहिणारे आम्ही कॅन्सर वॉर्ड, केमोचे डे-केअर आणि पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणारी शुश्रूषा) इथे काम करणारे नर्स, समुपदेशक, समाजसेवक आणि काही डॉक्टर आहोत. लपवायचे हा निर्णय केबिनमध्ये दोन मिनिटांत होतो. तो पुढे सहा-आठ महिने निभावून नेण्याचे काम मात्र आमच्या अंगावर पडते, कारण “सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन?” हा प्रश्न केबिनमध्ये विचारला जात नाही, सुई टोचताना विचारला जातो. म्हणून हे आमचे गाऱ्हाणे आहे.

आधीच स्पष्ट करतो, की नातेवाइकांवर आमचा रोष नाही. “त्यांना सांगू नका, ते हाय खातील” असे म्हणणारी मुलगी घाबरलेली असते, दुष्ट नसते. तिच्या भीतीला उत्तर देण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे. व्यवस्था ती जबाबदारी घेत नाही, उलट त्या भीतीचा आडोसा घेते, आणि आमची तक्रार इथून सुरू होते.

नियम काय सांगतात

2 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नवे विनियम काढले आणि 23 ऑगस्टला ते स्थगित केले. त्यामुळे पुन्हा 2002 चेच विनियम लागू झाले. त्यांतले कलम 2.3 म्हणते की डॉक्टरने रुग्णाच्या स्थितीचे गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. तसेच रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना, रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची ठरेल इतकी माहिती असल्याची खात्री करून घ्यावी. या कलमाचा पहिला भाग सगळे विसरतात. दुसऱ्याचा अर्थ असा लावला जातो, की नातेवाइकाला कोपऱ्यात नेऊन सांगितले म्हणजे कर्तव्य संपले.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात वेगळेच सांगून ठेवले आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या 44 वर्षांच्या महिलेच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले होते. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. तातडीचा प्राणघातक प्रसंग नसेल, तर सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने दुसरे कुणीही संमती देऊ शकत नाही, मग ती आई का असेना. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढे रुग्णाला कळले असेल तरच त्याची संमती खरी. दुर्मिळ, केवळ तात्त्विक धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही असेही याच निकालात आहे, आणि लपवण्याच्या समर्थनार्थ नेमके तेवढेच पुढे केले जाते. पण तो मुद्दा उपचारातल्या दूरच्या शक्यतांचा आहे. आजाराचे नाव ही काही दूरची शक्यता नव्हे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 2018 च्या सनदेत रुग्णाचे 17 हक्क आहेत आणि त्यांतला पहिलाच आजाराबद्दल, त्याला कळेल अशा भाषेत, पुरेशी माहिती मिळण्याचा आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. ती लावलीही जाते. तिच्याखालच्याच बाकावर बसून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणत असते, “आत गेल्यावर कॅन्सर हा शब्द काढू नका हं.”

पहिली तक्रार: यात जीव जातो

‘सांगायचे की नाही’ हा प्रश्न नेहमी भावनेचा म्हणून चर्चिला जातो. आम्हाला आधी औषधांबद्दल बोलायचे आहे.

केमोचा डोस दिल्यावर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. या काळात 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर ती आणीबाणी असते. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे, नाहीतर जंतुसंसर्ग रक्तात पसरून माणूस रात्रीत जाऊ शकतो. आता ज्या माणसाला आपल्याला ‘ताकदीची सलाईन’ लागते असे वाटते, तो ताप आल्यावर काय करील? तापाची गोळी घेईल. गोळीने ताप उतरेल, संसर्ग तसाच राहील. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरकडे जाईल आणि “मला केमो चालू आहे” हे त्या डॉक्टरला सांगणार नाही, कारण त्याला ते माहीतच नाही. सोबत आलेल्या नातवाला माहीत असेल, पण पेशंटसमोर बोलायची त्याला बंदी असते.

दुसरे उदाहरण डे-केअरच्या खुर्चीतले. डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टिन यांसारखी औषधे शिरेबाहेर झिरपली तर कातडी आणि खालचे मांस जाळतात. पहिली खूण म्हणजे सुईच्या जागी जळजळ किंवा टोचल्यासारखे दुखणे. ती कळल्या क्षणी औषध थांबवायचे, सुई न काढता तिच्यातून जेवढे औषध परत ओढता येईल तेवढे ओढायचे, मग डॉक्सोरुबिसिन असेल तर थंड शेक आणि विनक्रिस्टिन असेल तर गरम. पण हे सगळे पेशंट बोलला तरच सुरू होते. साधी सलाईन आहे असे समजणारा माणूस “थोडं दुखतंय, चालायचंच” म्हणून गप्प बसतो. त्याला बजावायचे कसे, तर औषध धोक्याचे आहे हे सांगितल्याशिवाय बजावता येत नाही. आम्ही मग दर पाच मिनिटांनी “दुखत नाही ना?” विचारत फिरतो. एका नर्सकडे आठ-दहा खुर्च्या असल्या की ते फेरे होत नाहीत.

त्याच डॉक्सोरुबिसिनमुळे पुढचे एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आधी सांगितले तर पेशंट हसून सोडून देतो. न सांगितलेला पेशंट रक्त पडतेय समजून रात्रभर जागतो आणि पुढच्या डोसला येत नाही.

घरी घ्यायच्या गोळ्यांचा प्रकार आणखी कठीण, कारण तिथे नर्सही नसते. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दिवसातून दोनदा, बहुधा 14 दिवस घ्यायच्या आणि 7 दिवस थांबायचे. रोजच्यापेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले, किंवा तळहात-तळपाय लाल होऊन दुखू-सोलू लागले, तर गोळी बंद करून लगेच कळवायचे. ‘व्हिटॅमिनच्या गोळ्या’ म्हणून दिलेले हेच औषध माणूस जुलाब चालू असतानाही नेमाने घेत राहतो, कारण व्हिटॅमिनने जुलाब होतात हे कुणाला सुचणार? स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन 5 ते 10 वर्षे घ्यावे लागते. रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये इमॅटिनिब रोज घ्यावे लागते आणि ते नीट घेतले तर माणूस वर्षानुवर्षे कामधंदा करत राहतो. पण ‘रक्तवाढीची गोळी’ समजून घेणारा, बरे वाटायला लागले की ती सोडतो. महाग गोळी बंद झाली म्हणून घरात कुणाला वाईटही वाटत नाही. आजार मग परत येतो आणि कधीकधी त्याच गोळीला दाद देत नाही.

दुसरी तक्रार: तोंडाचा कॅन्सर आणि ‘शेक’

आपल्या राज्यात तंबाखूचा कॅन्सर किती दिसतो हे आरोग्य विभागाला सांगायला नको. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, मिसरी घरोघरी आहे. तोंडातल्या जखमेला ‘दाढेचं इन्फेक्शन’ म्हटले की पेशंट उपचार घेता घेता मिसरी लावत राहते. तिला दोष देऊन उपयोग नाही. इन्फेक्शनसाठी कुणी जन्माची सवय सोडत नाही.

तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरला रेडिएशन साधारण 30 ते 33 बैठकांचे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा ते साडेसहा आठवडे चालते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघते, थुंकी घट्ट होते, गिळवत नाही. हा सगळ्यात अवघड टप्पा असतो आणि इथे खंड पडू देणे सर्वांत महागात पडते, कारण उरलेल्या कॅन्सरच्या पेशी याच सुमारास झपाट्याने वाढू लागतात. ज्याला हे माहीत असते तो दात-ओठ खाऊन, नळीने पातळ अन्न घेऊन, सहा आठवडे पुरे करतो. ज्याला ‘शेक’ माहीत असतो तो म्हणतो, “आलो तेव्हा बरा होतो, शेकानं वाढलंय,” आणि गावी निघून जातो. हिशेबाने पाहिले तर तो बरोबरच बोलत असतो. अर्धवट माहितीवर त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा कसा म्हणायचा?

आणि लपवणार तरी कुठवर? विभागाच्या पाटीवर ‘कर्करोग’ लिहिलेले असते. पेशंटला डोळे बांधून आत आणत नाहीत. महात्मा फुले योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र पॅकेजचे नाव मोठ्याने वाचतो, एसटी-रेल्वेच्या सवलतीच्या दाखल्यावर आजाराचे नाव असते, औषधाच्या वेष्टनावरचे नाव मोबाईलमध्ये टाकले की सगळे समोर येते. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळतात. शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारतो, “तुमचा कुठला? माझा जिभेचा.” बहुतेकांना असेच कळते. फक्त ते कळल्यावर विचारायला कुणी नसते, कारण घरच्यांचे नाटक मोडू नये म्हणून आता पेशंटही नाटक करू लागतो.

तिसरी तक्रार: सही कुणाची, पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा

विनियमांचे कलम 7.16 शस्त्रक्रियेआधीच्या लेखी संमतीबद्दल आहे. त्यात पती किंवा पत्नी, अज्ञानाच्या (म्हणजे वयाने सज्ञान नसलेल्याच्या) बाबतीत पालक, किंवा स्वतः रुग्ण, असा क्रम आहे. छापील संमतिपत्रांनी हाच क्रम उचलला आणि ‘नातेवाइकाची सही’ हा रकाना वर गेला. त्याचा सर्वांत मोठा फटका बायकांना बसतो. स्तनाची किंवा गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तिची होते, रिपोर्ट नवऱ्याला सांगितला जातो. पुढे ‘तिला झेपणार नाही’ म्हणून उपचार थांबवायचे ठरते. तिला झेपणार नाही की घराला झेपणार नाही, हे कुणी उघड बोलत नाही, आणि तिला तर निर्णय झाल्याचेच कळत नाही. पैशाची अडचण खरी असते. तिची लाज बाळगायचे कारण नाही. पण अर्ध्या खर्चाचा कोणता उपचार आहे, योजनेत काय बसते, दागिने मोडायचे का, हे तिला विचारून ठरले पाहिजे. दागिने बहुतेक वेळा तिचेच असतात.

म्हाताऱ्या माणसांचेही तेच. वयाची सत्तरी ओलांडली की माणसाची संमती जणू आपोआप मुलाच्या नावावर होते. शेती, सात-बारा, बँकेचे व्यवहार सांभाळणारा माणूस आपल्या फुप्फुसाबद्दल मात्र अज्ञान ठरतो.

चौथी तक्रार: शेवटच्या टप्प्यातली

उपचार थकल्यावर पेशंट पॅलिएटिव्ह केअरकडे येतो तेव्हा खोट्याची सगळी थकबाकी एकदम वसूल होते. दुखणे थांबवायला तोंडाने घ्यायचे मॉर्फिन उत्तम औषध आहे. दर चार तासांनी, घड्याळ लावून घ्यायचे, दुखण्याची वाट पाहायची नाही. त्याच्या सोबत पहिल्या दिवसापासून शौच साफ होण्याचे औषध द्यायचेच, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो आणि तो आपोआप जात नाही. मळमळ आणि पेंग पहिले काही दिवस राहून कमी होते. एवढे समजावले तर लोक गोळ्या नीट घेतात. पण ‘अल्सर’च्या पेशंटला मॉर्फिन कशासाठी, याचे उत्तर काय द्यायचे? मग घरचे ती गोळी लपवून देतात, वेळा चुकतात, आणि माणूस विनाकारण कळा सोसतो. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन हे औषध मिळणे सोपे झाले. ते दाराशी आले आणि उंबऱ्यावर अडले.

पाठीच्या मणक्यात पसरलेल्या कॅन्सरचेही सांगायला हवे. नवे पाठदुखणे, पायांत जडपणा, लघवी अडणे या खुणा दिसल्या की त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. चालत आलेला माणूस उपचारानंतर बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण लुळे पडल्यावर आला तर पुन्हा चालण्याची आशा फार थोडी. ज्याला ‘पाठीत वात’ आहे असे सांगितले, तो आठवडाभर मलम चोळत बसतो.

राहिल्या मागच्या गोष्टी. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते, पण आपल्याला ते करण्याची घाई आहे हे कळायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देश, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात, ग्राह्य धरले आणि 24 जानेवारी 2023 रोजी पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. राज्याने स्थानिक स्वराज्य संस्थांत ते जपून ठेवण्यासाठी अधिकारीही नेमले. व्हेंटिलेटर नको असे लिहून ठेवण्याचा हक्क ज्याला आपला आजार माहीत नाही त्याने वापरायचा कसा, एवढे शासनाने सांगावे.

‘आपल्याकडे असंच असतं’

चर्चासत्रात हा विषय निघाला की कुणीतरी ज्येष्ठ सांगतात, खरे सांगणे ही पाश्चात्त्यांची रीत, आपली कुटुंबव्यवस्था वेगळी. 1961 साली शिकागोच्या एका रुग्णालयातल्या 219 डॉक्टरांना विचारले, तेव्हा सुमारे 90 टक्के म्हणाले होते की कॅन्सर झाल्याचे पेशंटला सांगणे आम्ही टाळतो. कारणेही तीच होती, आशा मरेल आणि माणूस खचेल. 1979 मध्ये अमेरिकेतल्याच तशा पाहणीत 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत तिथली संस्कृती बदलली नव्हती; उपचार सुधारले, संमतीचा कायदा कडक झाला आणि कसे सांगायचे ते शिकवले जाऊ लागले. जपानमध्ये सम्राट हिरोहितोंनासुद्धा त्यांचा कॅन्सर सांगितला नव्हता, 1989 च्या जानेवारीत ते गेल्यावर तो जाहीर झाला. त्याच जपानमध्ये आज पेशंटला सांगणे हाच रिवाज आहे.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. एचआयव्हीच्या बाबतीत आपणच हे करून दाखवले आहे. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात, तपासणीआधी समुपदेशन, मग संमती, मग तपासणी, मग निकाल ज्याचा त्यालाच, आणि पुन्हा समुपदेशन. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने त्याला बळ दिले. ज्या आजाराची समाजात सर्वांत जास्त लाज, त्याचे निदान तालुक्याच्या रुग्णालयातला समुपदेशक पेशंटला नीट सांगू शकतो. कॅन्सरला मात्र शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ‘बाहेर थांबा, मुलाला आत पाठवा’.

वाईट बातमीचा धक्का बसतो हे आम्ही नाकारत नाही. झोप उडते, जेवण तुटते, काहींच्या मनात टोकाचे विचारही येतात. म्हणून तर ती बातमी कॉरिडॉरमध्ये, चाळीस माणसांच्या रांगेसमोर, अर्ध्या वाक्यात देऊ नये. “चौथी स्टेज आहे, काही करता येणार नाही,” असे तोंडावर फेकणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. लपवण्याइतकीच ती निष्काळजी आहे.

मग करायचे कसे

सगळी मेख वेळेत आहे. आज नातेवाइकांशी बोलणे रिपोर्ट आल्यावर होते, तेव्हा उत्तर ठाऊक असते आणि प्रत्येकजण घाबरलेला असतो. तोच प्रश्न तुकडा तपासायला पाठवण्याआधी विचारला तर फार सोपा जातो, कारण तेव्हा कुणालाच काही माहीत नसते. “काका, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील. जे काही निघेल ते तुम्हाला स्वतःला सगळं कळायला हवं, की थोडक्यात, की तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणाशी बोलावं? कुणाशी?” एवढेच. उत्तर त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहायचे, तारीख घालायची. काहीजण म्हणतील, “मला नको, मुलाला सांगा.” तोही त्यांचा हक्क आहे आणि तो पाळायचा. पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचे, कारण माणसाचे मन बदलते.

रिपोर्ट आल्यावर काय करायचे, याची 2000 सालापासून जगभर शिकवली जाणारी सहा पायऱ्यांची पद्धत आहे, तिला स्पाइक्स म्हणतात. बंद दाराची खोली आणि सगळ्यांना बसायला खुर्च्या. पेशंटला आत्तापर्यंत काय कळले आहे ते आधी विचारणे. त्याला किती ऐकायचे आहे याची परवानगी घेणे. मग छोट्या वाक्यांत, आजाराचे नाव घेऊन सांगणे. नंतर गप्प बसणे. आणि शेवटी पुढचे ठरवणे. लोक चुकतात ते पाचव्या पायरीवर. ‘कॅन्सर’ शब्द उच्चारल्यावर पुढची काही मिनिटे पेशंटच्या डोक्यात काही शिरत नाही. त्याच वेळी डॉक्टर घाबरून केमोच्या सायकलींचे वेळापत्रक सांगत सुटतात. त्या वेळी पाण्याचा पेला पुढे करून थांबायचे, आणि वेळापत्रक दोन दिवसांनी, लेखी द्यायचे.

आणि ‘सांगू नका’ म्हणणाऱ्या मुलीला? तिला नियम दाखवून गप्प करू नये. “तुम्हाला कशाची भीती वाटते?” “आईंनी स्वतःहून काही विचारलंय का?” “त्यांच्यापासून लपवताना तुमचं काय होतंय?” हे तीन प्रश्न विचारले की बहुधा ती रडते, आणि कळते की आईला संशय आलेलाच आहे. मग एक वचन द्यायचे आणि एक नाकारायचे. “मी आपण होऊन त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. तुम्ही शेजारी बसा, मी विचारते त्यांना काय वाटतंय.” अशी बैठक वीस-तीस मिनिटांत होते. ती पुढे ढकलण्यात नंतर याच्या कितीतरी पट वेळ जातो.

आता अडचण. शंभर-सव्वाशेच्या ओपीडीत वीस मिनिटे काढायची कुठून? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर डॉक्टरच्या सद्भावनेत नाही, ते पदांत आणि खोल्यांत आहे. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा अ‍ॅटकॉम विषय आला, हे चांगलेच. पण विद्यार्थी वर्गात जे शिकतो त्याच्या उलटे वॉर्डात वरिष्ठांना करताना पाहतो, आणि वॉर्डातले शिक्षण जास्त टिकते.

आमच्या मागण्या

1. वैद्यक परिषदेने परिपत्रक काढून कलम 2.3 चा अर्थ स्पष्ट करावा: सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला माहिती देण्याचा मान पहिला; नातेवाइकांना ती रुग्णाच्या परवानगीने.

2. केमो, रेडिएशन आणि शस्त्रक्रियेची संमतिपत्रे मराठीत, आजाराचे नाव लिहिलेली, रुग्णाच्या सहीची असावीत. नातेवाइकाची सही फक्त साक्षीदार म्हणून. रुग्णाने ‘मला सांगू नका’ म्हटले असेल तर तेही त्यावर त्याच्याच सहीने असावे.

3. प्रत्येक केमो पेशंटच्या हातात, पिशवीत नव्हे, मराठी कार्ड: औषधाचे नाव, दिल्याची तारीख, 100.4 चा आकडा ठळक, आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर. कार्ड कोणत्याही डॉक्टरला दाखवा, ही ओळ मोठ्या अक्षरात.

4. बायोप्सीचा रिपोर्ट रुग्णाला किंवा त्याने लिहून दिलेल्या माणसालाच मिळावा. पावती आणणाऱ्या कुणालाही, किंवा भलत्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपने, नको.

5. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात समुपदेशकाची कायम पदे आणि बंद दाराची एक खोली. राज्याचे पॅलिएटिव्ह केअर धोरण 2012 चे आहे. त्यातले किती उतरले याचा जिल्हावार अहवाल जाहीर करावा.

6. नोंदणी नूतनीकरणासाठी डॉक्टरांना 5 वर्षांत 30 क्रेडिट मिळवावे लागतात. त्यांतली किमान 2 गंभीर निदान सांगण्याच्या प्रत्यक्ष सरावाची असावीत, व्याख्यानाची नव्हे. हाच सराव नर्स आणि आरोग्यमित्रांनाही द्यावा.

7. केसपेपरवर, तपासणीच्या चिठ्ठीआधी, एक छापील ओळ: ‘तुमच्या आजाराची माहिती तुम्हाला किती हवी? तुमच्याशिवाय कुणाला सांगावी?’ खाली उत्तराला जागा आणि सही.

सातव्या मागणीला ना पद लागते, ना खोली, ना अंदाजपत्रक. सरकारी रुग्णालयांचे केसपेपर दरवर्षी नव्याने छापले जातात. पुढच्या छपाईच्या मजकुराला मंजुरी देताना ही ओळ घालावी, आणि घालणार नसाल तर का नाही, हे आम्हाला लेखी कळवावे.

आपले,
कॅन्सर वॉर्ड, डे-केअर आणि पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करणारे नर्स, समुपदेशक, समाजसेवक व डॉक्टर